डब्यावर जास्वंद, आत अंबाडी

बावीस वर्षं झाली, मी घरी जास्वंदीचं तेल काढते. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आमच्या परसात जास्वंदीची अकरा झाडं आहेत, सगळी लाल, पाच पाकळ्यांची देशी. डबल पाकळीची, पिवळी, केशरी दिसायला छान असते, पण तेलाला देशीच लागते. रोज सकाळी पहिली पाच फुलं गणपतीला, उरलेली तेलाच्या परातीत. त्यामुळे राजारामपुरीतल्या एका दुकानात काचेच्या कपाटात मोठी लाल जास्वंद छापलेला पत्र्याचा डबा दिसला, तेव्हा माझे पाय तिथंच थांबले.

डब्यावर लिहिलं होतं, ‘प्राचीन चिनी औषधी जास्वंद चहा’. खाली ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ आणि रक्तदाब, साखर, वजन, केसगळती अशी यादी. पन्नास ग्रॅम, तीनशे ऐंशी रुपये. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काकू, महिनाभर घ्या, बीपीची गोळी सुटते बघा.” डबा घेतला. ते वाक्य मात्र मनात टोचत राहिलं, कारण आमच्या ह्यांना आठ वर्षं रक्तदाबाची गोळी सुरू आहे.

दुकानाचं आणि डब्याचं नाव मी लिहीत नाही. असाच मजकूर छापलेले आणखी दोन डबे मी नंतर दुसरीकडे पाहिले, आणि मला सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

घरी येऊन झाकण उघडलं आणि पहिल्या चिमटीतच कळलं, ही जास्वंद नव्हे. जास्वंदीची पाकळी सावलीत वाळली की पतंगाच्या कागदासारखी पातळ होते, जांभळट काळी पडते, बोटात चुरते. आत होते ते जाड, चामड्यासारखे, गडद लाल तुकडे, हाताची बोटं मिटावीत तसे टोकाशी जुळलेले. एक तुकडा जिभेवर ठेवला. आंबट! जास्वंदीची पाकळी आंबट नसते, ती बुळबुळीत लागते. ही चव मी लहानपणापासून ओळखते. आजोळी शेताच्या बांधाला अंबाडी असायची. तिचा पाला भाजीला, वाख दोरखंडाला, आणि लाल अंबाडीच्या बोंडांची चटणी. डब्यात होती ती लाल अंबाडीची बोंडं.

बोंड म्हणजे पाकळी नव्हेच. फूल गळून गेलं की त्याच्या खालचा निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांना खालून धरणारा पेला, फुगतो, मांसल होतो आणि आतल्या फळाला कवेत घेतो. तोच सोलून वाळवतात. जास्वंदीत हे असं होत नाही, तिचा निदलपुंज हिरवाच राहतो. दोन्ही झाडं एकाच कुळातली, इंग्रजीत दोघींनाही हिबिस्कस म्हणतात. घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे दोघींना दोन स्वच्छ नावं असताना आपण तो घोळ उसना का घ्यायचा, हे मला कळत नाही.

आता चिनी परंपरेचं. माझा भाचा दक्षिण चीनमध्ये नानिंगला डॉक्टरकी शिकून आला. त्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, नानिंगचं शहरफूलच जास्वंद आहे. तिथल्या मोठ्या सभागृहाचा घुमटसुद्धा जास्वंदीच्या आकाराचा आहे. पण जास्वंदीचा चहा पिताना मी कुणाला पाहिलं नाही.” पुढच्या रविवारी तो जेवायला आला आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं वही घेऊन बसलो. त्याला भाषा येते, मला झाडं कळतात. त्यातून जे हाती लागलं ते इथं देते, कारण डब्यावरच्या यादीपेक्षा ते कितीतरी सुंदर आहे.

चिनी वैद्यकात या कुळातल्या तीन झाडांना जुना मान आहे. ली शिझेन या वैद्याचा ‘बेन्साओ गांगमू’ हा औषधींचा महाग्रंथ 1596 साली छापून आला. त्यात ही तिन्ही झाडं एकाच भागात, झुडपांमध्ये, दिली आहेत.

पहिलं मू-जिन. थंडी सोसणारं झुडूप, फुलं पांढरी किंवा फिकट जांभळी. तिच्या फुलांचा काढा रक्ती आव आणि अंगावरून पांढरं जाणं यावर देतात. चिनी वैद्य म्हणतात, ही फुलं उष्णता काढतात आणि रक्त थंड करतात. सालीचा उपयोग वेगळा. ती दारूत भिजवून तो अर्क गजकर्णावर, नायट्यावर बाहेरून लावतात. पण मला खरी भावली ती दुसरीच गोष्ट. चीनच्या झेजियांग भागात सातव्या चांद्रमासाच्या सातव्या दिवशी बायका मू-जिनची पानं पाण्यात चुरगाळून त्या बुळबुळीत पाण्यानं केस धुतात. हे ऐकलं आणि मी भाच्याला पुन्हा सांगायला लावलं. माझी सासू दर मंगळवारी जास्वंदीचा पाला पाट्यावर वाटून माझ्या नणंदांचे केस धुवायची. ती पंचगंगेच्या पलीकडं कधी फारशी गेली नाही, आणि तिकडं हजारो मैलांवर कुणीतरी बाई त्याच कुळातला पाला त्याच कामाला हातात चुरगाळत होती.

दुसरं फू-रोंग. हे तुम्ही पाहिलं असेल. सकाळी पांढरं, दुपारी गुलाबी, संध्याकाळी लाल होणारं मोठं फूल. आमच्याकडं त्याला रंग बदलणारी जास्वंद म्हणतात, संस्कृतात स्थलपद्म. चेंगडू शहराचं हे फूल, त्या शहराचं एक जुनं नावही यावरूनच पडलंय. औषधात त्याच्या पानाला महत्त्व. ली शिझेननं दिलेली कृती अशी: पानं वाटून मधात कालवायची आणि गळवाच्या भोवतीनं लेप द्यायचा. मधलं तोंड उघडं ठेवायचं. लेप वाळला की बदलायचा. आपल्या पोटिशीची आठवण झाली ना? मला झाली. तोंड का उघडं ठेवायचं, हे ज्यानं गळू पिकताना पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही.

तिसरी आपली जास्वंद, जू-जिन किंवा फू-सांग. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1753 मध्ये तिला जे शास्त्रीय नाव दिलं त्याचा अर्थच ‘चीनचा गुलाब’. तिची पानं आणि फुलं वाटून गळवांवर, सुजेवर, गालगुंडावर लावायची, असा तिकडचा वापर. म्हणजे हीसुद्धा मुख्यतः लेपाची. रक्तदाब आणि वजन यांचा त्यात कुठं उल्लेख आला नाही.

मग डब्यातली लाल अंबाडी? ती मूळची आफ्रिकेतली. चीनमध्ये ती लुओ-शेन नावानं ओळखली जाते, लुओ नदीच्या देवीचं नाव. पण ली शिझेनच्या ग्रंथात ती नाही. तिथल्या औषधांत ती नवी सून आहे. आता लोक तिचं पाणी खोकल्याला, दारू उतरायला, रक्तदाबाला पितात. चव आंबट, गुण थंड असं तिचं वर्णन करतात. तैवानमधल्या ताइतुंगला तिची मोठी शेती होते. उन्हाळ्यात उत्तर चीनमध्ये आलुबुखाराच्या जातीच्या धुरावलेल्या फळांचं आंबटगोड पेय करतात, ज्येष्ठमध आणि खडीसाखर घालून, आपल्या पन्ह्यासारखं. हल्ली त्यातही लुओ-शेन टाकतात. तेव्हा ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ हे या डब्यातल्या मालाला लागू होत नाही. परंपरा एका झाडाची, चित्र दुसऱ्याचं, माल तिसऱ्याचा.

हे वाचून कुणाला वाटेल, एवढं काय त्यात, गुणकारी आहे ना? तिथंच तर अडचण आहे. लाल अंबाडीच्या पाण्यानं रक्तदाब थोडा उतरतो, हे तपासलं गेलंय. 2010 साली अमेरिकेतल्या टफ्ट्‌स विद्यापीठातल्या संशोधकांनी 65 माणसांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा दाब थोडाच वर होता अशी ती माणसं होती. ज्यांनी सहा आठवडे दिवसाला तीन कप घेतला त्यांचा वरचा आकडा सरासरी 7 नं उतरला. ज्यांना नुसतंच तशा चवीचं पाणी दिलं त्यांचा 1 च्या आसपास. हा फरक खरा आहे, पण लहान आहे, आणि तो अंबाडीचा आहे. डब्यावरचं चित्र पाहून कुणी परसातल्या जास्वंदीचा चहा करून प्यायला, तर ती दुसरीच वस्तू झाली. आणि जास्वंदीची फुलं गर्भ न राहण्यासाठी वापरायची जुनी पद्धत आपल्याकडं आहे. म्हणून माझ्याकडं तेलाला येणाऱ्या पोरींना मी सांगते, दिवस गेलेत किंवा जायची वाट बघताय तर तेल डोक्याला लावा, पण फुलं पोटात घेऊ नका. अंबाडीचं पाणीसुद्धा त्या दिवसांत टाळावं.

आमच्या ह्यांनी तीन आठवडे रोज दोन कप घेतला. आधी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चहा घ्या, गोळी एकही चुकवायची नाही, आकडा वहीत लिहा, चक्कर आली तर लगेच कळवा. गोळी आणि हे पाणी दोन्ही मिळून दाब जास्त खाली जाऊ शकतो, ही त्यांची काळजी. आमच्या वहीत काही मोठा फरक दिसला नाही, आणि एका माणसाच्या तीन आठवड्यांवरून मी काही म्हणणारही नाही. पहिल्या आठवड्यात उपाशीपोटी घेतल्यानं त्यांना छातीत जळजळ झाली. नाश्त्यानंतर घ्यायला लागल्यावर ती थांबली.

मालाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. तुकडे अख्खे होते, चुरा कमी, माती नाही, काड्या नाहीत. रंग घातलाय का ते पाहायला भाच्यानं एक प्रयोग केला, तो तुम्हीही करा. शाळेत जास्वंदीच्या पाण्यानं आम्ल आणि अल्कली ओळखायचो, तोच. थोडं अंबाडीचं पाणी वाटीत घेऊन चिमूटभर खायचा सोडा टाकला. लाल रंग जांभळा होत होत निळसर हिरवट झाला. लिंबू पिळलं की परत लाल. अंबाडीचा स्वतःचा रंग असा बदलतो, बाजारचा लाल रंग टाकला असता तर तो तसाच लाल राहिला असता.

कपाला एक सपाट चमचा पुरतो. उकळतं पाणी ओतून पाच-सहा मिनिटं झाकून ठेवायचं. जास्त वेळ ठेवलं की तुरटपणा येतो. पितळेच्या, अॅल्युमिनियमच्या भांड्यात करू नका, आंबट आहे ते, स्टील किंवा काच घ्या. साखरेपेक्षा गूळ छान लागतो, आणि मला सगळ्यात आवडलं ते आल्याचा तुकडा टाकून. गार करून उन्हाळ्यात सरबतासारखंही चालेल. चव कोकमाच्या जवळची, पण वास फळासारखा. पिण्याची वस्तू म्हणून मी याला पाचात चार देईन.

डब्यावरच्या मजकुराला मात्र शून्य. मी हे रागानं लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलानं आमच्या तेलाच्या बाटलीवर ‘केसगळती शंभर टक्के बंद’ असं छापून आणलं होतं. दोनशे लेबलं होती. मी ती लावू दिली नाहीत. प्रसूतीनंतर, तापानंतर, थायरॉइडमुळं केस गळतात, तिथं माझं तेल काय करणार? ज्या बाईचे केस थांबणार नाहीत ती मला काही बोलणार नाही, फक्त परत येणार नाही. आणि गोळी सोडलेला माणूस तर तक्रार करायलाही राहील की नाही, हे त्या काउंटरवरच्या मुलाला कुणीतरी सांगायला हवं. मी सांगितलं. डबा घेऊन परत गेले, तुकडा हातात देऊन विचारलं, हे कसलं फूल आहे? त्याला खरंच माहीत नव्हतं. गावाकडं अंबाडीची भाजी खातोस का म्हटल्यावर त्याचा चेहरा एकदम उजळला. गोळीबद्दल आता गिऱ्हाईकाला काही बोलणार नाही, असं तो म्हणाला.

किमतीचं सांगायचं तर, डिसेंबर-जानेवारीत लक्ष्मीपुरीच्या बाजारात खेड्यातून येणाऱ्या बायकांकडं कधीकधी ताजी लाल बोंडं मिळतात. मला यंदा पावशेर वीस रुपयांना मिळाली. देठाकडून सुरीनं गोल काप घ्यायचा, बोटानं आतलं फळ ढकलायचं, लाल कवच वेगळं होतं. सावलीत पातळ कापडावर सहा-सात दिवस ठेवायचं. ओली खूप दिसतात, पण वाळल्यावर मूठभर उरतात, म्हणजे डबा अगदीच लुटारू भावाचा नाही. आतलं फळ फेकू नका, त्यातल्या बिया वाळवून ठेवा. मृग लागला की कुंडीत पेरा, कुंडी मोठी घ्या, झाड माणसाएवढं वाढतं.