मात्र्योश्का घ्यायची, पण कुठली?

मात्र्योश्का, म्हणजे पोटात बाहुली घेऊन बसलेली रशियन बाहुली, विकणारा 'शेकडो वर्षांची परंपरा' असं सांगू लागला तर ऐकून सोडून द्या. तिचा जन्म १८९० च्या दशकातला. आपली बोरीबंदर-ठाणे आगगाडी तिच्याहून वयाने मोठी. मॉस्कोतल्या 'बालशिक्षण' नावाच्या कारखान्यात वासिली झ्व्योज्दोच्किन या कातारीने, म्हणजे लाकूड फिरवून घडवणाऱ्या कारागिराने, ती कातली आणि चित्रकार सेर्गेई माल्युतिनने रंगवली. एकात एक बसणाऱ्या जपानी मूर्तीवरून कल्पना सुचली असंही सांगतात. त्या पहिल्या संचात आठ जण होते. सगळ्यात बाहेर काळा कोंबडा काखेत धरलेली, डोक्याला रुमाल बांधलेली बाई, आत तिची पोरं आणि शेवटी दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मात्र्योश्काला कांस्यपदक मिळालं आणि मागणी वाढली.

पुढे हे काम मॉस्कोजवळच्या सेर्गियेव पोसादला गेलं. मठाचं गाव, खेळण्यांचा जुना धंदा आणि मूर्तिचित्रं रंगवणारे हात तिथे आधीपासूनच होते. पहिला संचही आज तिथल्याच खेळण्यांच्या संग्रहालयात आहे. इथली बाहुली बुटकी, गुबगुबीत. चेहरा, पोशाख, एप्रन नीट रेखलेलं. हातात कधी टोपली, कधी कोंबडा. आतल्या बाहुल्या एकमेकींहून वेगळ्या असतील तर प्रत्येकीला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व येतं, ते भरलेलं घर वाटतं. मात्र्योश्का म्हणजे आईपण, असं सगळेच म्हणतात. ते खरोखर दिसतं ते अशाच संचात. गोष्टीसाठी घेणार असाल तर हीच घ्या.

निझनी नोवगोरोद भागातल्या सेम्योनोवची गोष्ट वेगळी. तिथे जवळच्या मेरिनोवो गावात आर्सेन्ती मायोरोव याने १९२२ मध्ये पहिली मात्र्योश्का कातली असं मानतात. वर सडपातळ, खाली एकदम रुंद. पिवळा-लाल रुमाल, पोटावर गुलाबांचा मोठा गुच्छ आणि मध्येमध्ये उघडं ठेवलेलं लाकूड. रशियन बाहुली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा हीच येते. आतल्या सगळ्या तशाच, फक्त लहान होत जाणाऱ्या. इथे घरातली माणसं दिसत नाहीत, वंश दिसतो: आई, तिची लेक, लेकीची लेक. भेट द्यायला आणि शोकेसमध्ये ठेवायला मला ही जास्त आवडते, कारण लांबूनही उठून दिसते.

त्याच प्रांतातल्या पोल्खोव-मैदानची बाहुली किरमिजी, जांभळी, हिरवी, एकदम भडक. डोकं लहान, अंगावर रानगुलाबाची फुलं, चेहरा चार रेघांत उरकलेला. यात्रेतल्या खेळण्याचा मोकळेपणा तिच्यात आहे. बारकावे शोधणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

गोर्बाचेव्हच्या पोटात ब्रेझनेव्ह आणि सगळ्यात आत लेनिन, अशा पुढाऱ्यांच्या बाहुल्याही मिळतात. गंमत म्हणून ठीक, पण आईपणाचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

कुठलीही घ्या, दुकानात उघडून पाहा. कातारी आधी सगळ्यात लहान, न उघडणारी बाहुली काततो, मग तिच्या मापाने पुढची. दोन अर्ध्या भागांवरची नक्षी जुळली पाहिजे, आणि झाकण सैलही नको, घट्टही नको. एका संचाचं झाकण दुसऱ्याला सहसा बसत नाही, म्हणून एक तुकडा हरवला की संच गेला. घरात रांगतं मूल असेल तर संच कमी तुकड्यांचा घ्या. पंधरा-वीस तुकड्यांच्या संचातली शेवटची बाहुली सहज तोंडात जाईल एवढीच असते. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात लिंडनचं हे हलकं लाकूड फुगतं आणि झाकण अडकतं. तेव्हा जोर लावून पिरगाळू नका, रंगाचे टवके उडतात. हवा कोरडी झाली की आपोआप सुटतं.