अमर्याद रजा की मोजून दिलेली? तरुण मंडळी कशाने टिकतात

भरतीच्या जाहिरातीत ‘अमर्याद रजा’, म्हणजे दिवसांचा आकडाच न ठरवलेली रजा, भारी दिसते. हिशेबखात्यालाही ती सोयीची, कारण शिल्लक रजाच नसली की नोकरी सोडणाऱ्याला सहसा तिचे पैसे द्यावे लागत नाहीत. (हे बऱ्याच जणांच्या लक्षात येतं ते राजीनामा दिल्यावर.) तिच्यापुढे वर्षाला 25 दिवसांचं धोरण अगदीच साधं वाटतं.

तरी दोन्ही जवळून पाहिल्यावर माझा कौल मोजून दिलेल्या रजेकडे झुकतो. अमर्याद रजा दर वेळी मागावी लागते, ही तिची खरी कटकट. पगारपत्रकावर ‘शिल्लक 12’ दिसत असेल तर नवखा मुलगाही ‘सोमवारपासून पाच दिवस नाही’ असं कळवून मोकळा होतो. आकडाच नसेल तर तो ‘घेऊ का?’ असं विचारतो, आणि उत्तर साहेबांच्या मूडवर ठरतं. मग वरचे लोक किती घेतात ते बघून तो त्याहून एक दिवस कमीच घेतो. शेजारच्या टीमला दुप्पट रजा मिळते हे डब्याच्या वेळी कळतंच, आणि तिथून बायोडेटा अपडेट व्हायला लागतो. लोकांकडून प्रकल्पांसाठी पैसे उभे करून देणाऱ्या किकस्टार्टर या कंपनीने 2015 मध्ये अमर्याद रजा बंद करून 25 दिवस ठरवले, तेही किती रजा घेणं योग्य हा प्रश्नच उरू नये म्हणून.

मोजलेल्या रजेतही खोट आहे: वर्षअखेरीला सगळ्यांचे अर्ज एकदम येतात. निम्मी रजा जूनअखेर संपवायची असा नियम केला की गर्दी बरीच फुटते. त्यातले दोन आठवडे सलग द्यावेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1970 चा 132 क्रमांकाचा करारही रजेचे तुकडे केल्यास एक तुकडा साधारण तेवढा ठेवायला सांगतो. जाण्याच्या आठवडाभर आधी हँडओव्हरचं, म्हणजे काम सोपवण्याचं, एक पान लिहून घ्यावं: अर्धवट कामं, फायली कुठे आहेत, निर्णय कोण घेणार. बदली माणूस एकच आणि नावानिशी. ‘टीम बघेल’ असं लिहिलं की तिसऱ्या दिवशी फोन वाजतो आणि रजा कागदावरच राहते.

टीम छोटी, अनुभवी असेल आणि साहेब स्वतः तीन आठवडे गायब होत असतील, तर अमर्याद रजाही कदाचित चालून जाईल. ठेवायचीच असेल तर किमान 20 दिवस रजा घेण्याची अट घाला आणि सप्टेंबरापर्यंत दहा दिवसांपेक्षा कमी घेतलेल्यांची यादी त्यांच्या साहेबांच्या टेबलावर ठेवा.