वॉशिंग मशीन-गिझरचा ‘बॉल फिल्टर’: कुठे चालतो, कुठे नाही

पुण्यात खडकवासल्याचं पाणी नळाला येतं तिथे क्षारांची खपली रोखणारा हा फिल्टर घेण्याची गरज नाही. ते पावसाचं, धरणातलं पाणी; त्यात क्षार कमी. प्रश्न बोअरवेल आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांचा आहे. बेसाल्ट खडकाच्या भेगांत मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की त्यांतल्या कॅल्शियमचं कार्बोनेट होतं आणि हीटरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची (हार्डनेस, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६००.

हजार रुपयांच्या आगेमागे मिळणाऱ्या या फिल्टरच्या पारदर्शक डब्यात काचेच्या गोट्यांसारखे पॉलिफॉस्फेटचे मणी असतात. पाणी जाताना ते अगदी थोडे, लिटरला काही मिलिग्रॅम, विरघळतात आणि कॅल्शियमचे स्फटिक वाढून पृष्ठभागाला घट्ट चिकटणं रोखतात. कॅल्शियम मात्र पाण्यातच राहतं. म्हणून साबणाला फेस वाढणार नाही, डिटर्जंट कमी लागणार नाही, केसही मऊ होणार नाहीत. दुकानदार ‘पाणी सॉफ्ट होतं’ म्हणत असेल तर ते चूक आहे. मशीनचा हीटर आणि व्हॉल्व्ह वाचवणं एवढंच याचं काम, आणि ते हा नीट करतो.

विक्रेत्याने टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर बुडवून दाखवला तर त्यावर निर्णय घेऊ नका. या फिल्टरने टीडीएस उतरत नाही. मिठावर चालणाऱ्या खऱ्या सॉफ्टनरनेही जवळजवळ उतरत नाही, कारण तिथे कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. हार्डनेसचा थेंबांचा किट घ्या. किटमधल्या रंगाने पाणी वायनसारखं लाल होतं; ते निळं होईपर्यंत थेंब मोजायचे. एका थेंबाला किती मिलिग्रॅम ते किटवर छापलेलं असतं.

वॉशिंग मशीनला आमची शिफारस आहे, कारण पाणी थंड असतानाच मण्यांवरून जातं आणि धुण्यात फार वेळ तापत राहत नाही. जोडणी पाऊण इंचाची असते. नळ बंद करा, बाण मशीनच्या दिशेने ठेवा, रबरी वॉशर बसवा आणि हातानेच आवळा. पाना लावला तर प्लॅस्टिकचे आटे फुटतात. वॉशर आहे तिथे टेफ्लॉन टेपही नको. वरच्या मजल्यावर आधी पाण्याचा जोर बघा: टाकीची उंची एक मीटर म्हणजे सुमारे ०.१ बार. टाकी डोक्यावरच असेल तर फिल्टरच्या अडथळ्याने मशीन ‘पाणी येत नाही’ म्हणून थांबू शकतं. मशीनच्या पुस्तिकेतला किमान दाब बघूनच घ्या. इनलेटची बारीक जाळीही साफ करा. कित्येकदा दोष फिल्टरचा नसून तिथे अडकलेल्या वाळूचा असतो.

फिल्टर जुनी खपली काढत नाही. ती आधी काढावी लागते. रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व) टाकून ६० अंशांचा फेरा चालवा, मग एक फेरा नुसत्या पाण्याचा. ९० अंशांवर नको, कारण जास्त तापमानाला कॅल्शियम सायट्रेट नीट विरघळत नाही आणि तेच पुन्हा साचतं. ब्लीचबरोबर कधीही नको, क्लोरीन वायू सुटतो. पुस्तिकेत ॲसिडला मनाई असेल तर कंपनीची डिस्केलिंग पावडर वापरा.

गिझरच्या बाबतीत आमचं मत सावध आहे. ६० अंशांच्या वर पॉलिफॉस्फेट लवकर तुटून साधं फॉस्फेट होतं आणि खपली रोखेनासं होतं. ७५ वर ठेवून रात्रभर चालू राहणाऱ्या साठवण गिझरला हा फिल्टर लावणं म्हणजे पैसे वाया. थर्मोस्टॅट ६० च्या पुढे नेऊ नका, अंघोळीआधी चालू करून मग बंद करा, तर काही उपयोग होईल. फिल्टर नेहमी थंड पाण्याच्या बाजूला. तरीही वर्षातून एकदा एमसीबी बंद करून, टाकी रिकामी करून मेकॅनिककडून फ्लँज (कॉइल बसवलेलं झाकण) उघडून घ्या. कॉइल साफ करायची, मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदलायचा, गॅस्केट नवीच टाकायची. कठीण पाण्यात हा रॉड लवकर संपतो आणि मग टाकीला गंज धरतो. पाणी तापताना तडतड आवाज येत असेल तर खपली जाड झाली समजा.

मणी निम्मे उरले की भर घाला. एकमेकांना चिकटून गोळा झाले असतील तर सगळे बदला, नाहीतर पाणी एकाच वाटेने निघून जातं. डबा उन्हात नको, फॉस्फेटवर शेवाळ वाढतं. गावाहून आल्यावर पहिलं बादलीभर पाणी सोडून द्या. स्वयंपाकघराच्या नळाला लावू नका.

नळाला लावायचे छोटे रेझिनवाले (कॅल्शियम धरून सोडियम सोडणाऱ्या बारीक दाण्यांचे) ‘सॉफ्टनर’ घेण्याआधी हिशेब करा. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम कठीणपणा धरतं. अर्धा लिटर रेझिन आणि लिटरला ४०० मिलिग्रॅम कठीणपणाचं पाणी असेल तर जेमतेम ६२ लिटर, म्हणजे चार बादल्या. मग पुन्हा मिठाच्या पाण्याने धुणं आलं. पाणी खरंच मऊ हवं असेल तर सोसायटीच्या टाकीवर मोठं युनिट बसवणं परवडतं. पाइपला बांधायच्या चुंबकांची मात्र आम्ही शिफारस करणार नाही. त्यांचा परिणाम भरवशाचा नाही.

किट आणल्यावर नळाचं आणि टँकरचं पाणी वेगवेगळं तपासा. उन्हाळ्यात आकडा चढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये पुन्हा एकदा.