जुन्या जीपला कोणती चाकं: मूळची, बोलेरोची, जिप्सीची की थारची?

महिंद्राची जुनी जीप, म्हणजे सीजे-3बी किंवा एमएम 540, दारात आली की पहिला विषय चाकांचा निघतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चौकशी करा, चार गॅरेजांत चार डिस्का (टायर ज्यावर चढतो ती चाकं) सुचवतील आणि प्रत्येक जण म्हणेल, "बसतंय की!" बसतं हे खरंच. या चारही गाड्यांना पाच नट आणि 139.7 मिमीचा पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. भंगारातली डिस्क घेताना शेजारशेजारच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर मोजायचं. 82 मिमी भरलं की पीसीडी तोच. प्रश्न सुरू होतात ते त्यानंतर.

मूळची 16 इंची डिस्क साडेचार इंच रुंद, टायर 6.00-16, उंची सुमारे 730 मिमी. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जीपला हाताला एवढं हलकं दुसरं काही नाही. गगनबावड्याकडच्या जांभ्याच्या चिखलात हा अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक थराला लागतो. शिरोळकडच्या काळ्या रानात मात्र खाली टणक थरच लवकर सापडत नाही, तिथे तो रुततो. या मापाचा टायर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही येतो, त्यामुळे दुकानात सहज मिळतो आणि तिथेच फसगत होते. उभ्या पट्ट्यांचा ट्रॅक्टरचा टायर डांबरी रस्त्यावरच्या वेगासाठी नसतो. जीपचाच मागा. जुन्या डिस्का गंजलेल्या असतात आणि ट्यूबलेसच्या हिशोबाने केलेल्याही नसतात. ट्यूब घालावीच लागते.

बोलेरोची 15 इंची डिस्क, टायर 215/75 आर15. उंची साधारण 703 मिमी, म्हणजे गाडी तेरा-चौदा मिमी खाली बसते. वेगाचा काटा 60 दाखवेल तेव्हा खरा वेग 58 च्या आसपास. टायर कुठेही मिळतो, डांबरी रस्त्यावर आणि पावसाळ्यात पकड चांगली. रोज चालवायची असेल तर आम्ही हीच घ्या म्हणू. मात्र उभ्या-उभ्या स्टिअरिंग वळवताना हात भरून येतात.

जिप्सीची डिस्क 205/70 आर15 वर. उंची 668 मिमीच. एक्सलखालची जागा तीस मिमीने घटते, 60 च्या काट्यावर गाडी 55 ने पळते आणि इंजिन विनाकारण ओरडतं. घाट चढताना ओढ वाढल्यासारखी वाटते, हा एवढाच फायदा. दिसायलाही जीप बसकी होते. फुकट मिळाली तरच विचार करावा.

थारची (2010 ची पिढी) 16 इंची, टायर 235/70 आर16. उंची 735 मिमी, म्हणजे काटा जवळपास बरोबर. अडचण रुंदीची. मूळ टायरपेक्षा हा बराच रुंद. पूर्ण वळवल्यावर पाट्याला (लीफ स्प्रिंगला) किंवा पुढची दोन चाकं जोडणाऱ्या टाय रॉडला घासायला लागतो. थारचे टायर मूळ डिस्कवर चढवायचा उद्योग करू नका, त्यांना किमान सहा इंची रिम लागते. घासतं म्हणून उद्यमनगरात लेथवर अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) करून मिळेल, पण चाक जितकं बाहेर तितका बेअरिंगवर ताण. नकलवरचा (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या भागावरचा) स्टॉप बोल्ट थोडा बाहेर काढून वळण कमी करणं त्यापेक्षा बरं.

कोणतीही डिस्क घेतली तरी खरा धोका नटांत आहे. जुन्या जीपचे स्टड (ज्यांवर नट बसतात ते बोल्ट) अर्ध्या इंचाचे, इंचाला 20 आटे. 12 मिमी, 1.25 पिचच्या (दोन आट्यांतलं अंतर 1.25 मिमी) स्टडवर जीपचा हा नट हाताने छान फिरतो, कारण पिच जवळजवळ सारखी. पण तो सैल बसतो आणि आवळताना आटे मारतो. म्हणून नट नेहमी स्टडच्या जातीचा, डिस्कच्या जातीचा नव्हे. कितीतरी जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, स्टडच्या टोकावर 'एल' कोरलेला दिसतो. टायरवाल्याने न बघता नट फिरवायची गन लावली की स्टड तुटलाच. अलॉय डिस्कची बैठक जाड असते, तेव्हा नट किमान नऊ-दहा वेढे आत गेला पाहिजे. हबचं टोक मधल्या भोकात अडत असेल तर हातोडीने ठोकू नका. डिस्क ड्रमला पूर्ण टेकत नाही आणि नट ढिले होत राहतात. जिप्सीच्या डिस्कचं हे भोक 108 मिमी असतं. आपला हब कॅलिपरने मोजूनच बाजारात जा. नट आडवे-तिडवे आवळून 90 ते 100 न्यूटन-मीटर, आणि 50 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

पैसे वाचवायला पुढे दोन, मागे दोन असं वेगळ्या उंचीचं मिश्रण फोर-बाय-फोर जीपला चालत नाही. पुढचा-मागचा एक्सल एकमेकांशी झगडतात आणि फोर-बाय-फोरचा लिव्हर अडकून बसतो. डिस्का पाच घ्या, स्टेपनीसकट.