सारखी बसणारी बॅटरी: मल्टिमीटर, चार्जर, जंप स्टार्टर यांतलं आधी काय घ्यावं

गाडीची बॅटरी दर दोन-चार दिवसांनी बसायला लागली की बहुतेकांची पहिली खरेदी ठरलेली असते. जंप स्टार्टर, नाहीतर थेट नवी बॅटरी. या दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण त्यांची पाळी नंतरची. जंप स्टार्टर गाडी चालू करून देतो, बॅटरी का उतरली ते सांगत नाही. आणि गाडीत कुठेतरी करंट गळत असेल तर नवी कोरी बॅटरीही तितक्याच दिवसांत उतरते. शिवाय पूर्ण रिकामी होण्याची प्रत्येक वेळ तिचं आयुष्य कमी करते, कारण रिकाम्या अवस्थेत प्लेटांवर बसलेलं सल्फेट कडक होतं आणि सगळं परत विरघळत नाही. म्हणून या कामासाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या.

महागाचा नको. डीसी व्होल्ट दोन दशांशांपर्यंत दाखवणारा, १० अँपिअरचं वेगळं सॉकेट असलेला आणि २०० मिलिव्होल्टची रेंज असलेला पुरतो. १० अँपिअरच्या सॉकेटला आत फ्यूज आहे का तेवढं बघून घ्या. अगदी स्वस्त मीटरांत तो नसतो, आणि तिथे चूक झाली तर मीटरची वायरच जळते.

पहिलं माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर घ्यायचं. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव आणि ११.८ च्या आसपास रिकामीच. एजीएम बॅटरी (हिच्यातलं ॲसिड काचतंतूंच्या जाळीत शोषलेलं असतं) भरलेली असताना थोडं जास्त, १२.८ किंवा त्याहून वर दाखवते. गाडी चालवून आल्या आल्या घेतलेलं माप खोटं असतं, कारण प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो. थांबायला वेळ नसेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावून बंद करा आणि मग मोजा.

दुसरं माप सेल्फ मारताना. भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज त्या क्षणी ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर ही चाचणी करून काहीच कळत नाही, आधी ती चार्ज करा. याच वेळी आणखी एक गोष्ट बघता येते. मीटरची एक सुई बॅटरीच्या पोस्टवर, म्हणजे टर्मिनलच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, दुसरी त्याच पोस्टला कसलेल्या क्लॅम्पवर. सेल्फ मारताना या दोघांमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर दोष बॅटरीचा नसून मधल्या गंजाचा आहे. वरून चकचकीत दिसणाऱ्या क्लॅम्पच्या आतल्या बाजूलाही असा करडा थर असतो. निगेटिव्ह पोस्ट आणि इंजिनाचा धातू यांच्यात हेच माप घेतलं की अर्थिंगची पट्टी तपासून होते.

तिसरं माप इंजिन चालू असताना: १३.८ ते १४.७. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा) व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे मधूनच १२.८ दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटर खोलू नका. हेडलाइट आणि ब्लोअर लावा, व्होल्टेज वर चढतो का ते बघा. सतत १५ च्या वर राहत असेल तर मात्र तो व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला आहे आणि बॅटरी आतून सुकते आहे.

आता गळती, म्हणजे खरा मुद्दा. बंद गाडीसुद्धा थोडा करंट घेतेच, घड्याळ, अलार्म आणि सेंट्रल लॉकचा रिसीव्हर यांना तो लागतो. बहुतेक गाड्यांत तो ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास). ४५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी अर्धी व्हायला अडीच आठवड्यांच्या पुढे लागतात. याउलट डिकीतला ५ वॅटचा बल्ब झाकण लावल्यावरही जळत राहिला तर तो ०.४ अँपिअर खातो, दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास. सव्वादोन दिवसांत बॅटरी अर्धी आणि चौथ्या दिवशी सेल्फ फक्त टकटक करतो. दर किती दिवसांनी गाडी बसते, यावरूनच गळती केवढी असेल याचा अंदाज बांधता येतो.

मापण्याची पद्धत सोपी आहे, घाई मात्र चालत नाही. बॉनेट उघडा, ड्रायव्हरचं दार उघडा आणि दाराच्या लॉकची खिटी स्क्रूड्रायव्हरने ढकलून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. बॉनेटलाही स्विच असेल तर तोही दाबून बांधा. चावी दूर ठेवा. बटणाने चालू होणाऱ्या गाडीची चावी दोन-तीन मीटरवर असली तर काही गाड्या झोपतच नाहीत, म्हणजे त्यांची कंट्रोल युनिट्स (आतले छोटे कॉम्प्युटर) शांत होत नाहीत. मग निगेटिव्ह क्लॅम्प सैल करा. तो काढण्याआधी एक जाड वायर पोस्ट आणि केबल यांच्यामध्ये चिमट्यांनी जोडून ठेवा, क्लॅम्प काढा, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून त्याच दोन ठिकाणी जोडा आणि शेवटी ती वायर सोडा. एवढा खटाटोप अशासाठी की जोडणी क्षणभर तुटली तरी सगळी कंट्रोल युनिट्स पुन्हा जागी होतात. कधीकधी अडकलेला रिलेही (विजेवर चालणारा स्विच) सुटतो आणि दोष शोधण्याआधीच गायब होतो.

सुरुवातीला मीटर ३-४ अँपिअर दाखवेल. घाबरू नका, गाडी जागी आहे. थोड्या वेळाने आकडा एकदम ०.८ वर येतो, मग ०.३ वर, आणि शेवटी ०.०३ च्या आसपास स्थिरावतो. याला दहा मिनिटं लागतात, काही गाड्यांत पाऊण तास ते एक तासही. मधल्या ०.३ वर ‘गळती सापडली’ म्हणून फ्यूज उपटायला लागणं ही या कामातली सर्वांत मोठी चूक. तासाभरानंतरही आकडा ०.१ च्या वर असेल तरच शोध सुरू करायचा. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, आणि मिलिअँपिअरच्या छोट्या सॉकेटात वायर घालू नका. पहिल्याच झटक्यात आतला फ्यूज उडतो.

फ्यूज एकेक काढून बघण्याची जुनी पद्धत चालते, पण काढलेला फ्यूज परत बसवताना तो भाग पुन्हा जागा होतो आणि थांबणं पहिल्यापासून. त्यापेक्षा २०० मिलिव्होल्टची रेंज वापरा. प्रत्येक ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात, त्यांवर सुया टेकवा. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण ७ ते ८ मिलिओहम असतो, त्यामुळे १०० मिलिअँपिअर वाहत असेल तर ०.७ ते ०.८ मिलिव्होल्ट दिसतात. ०.० दाखवणारा फ्यूज सोडा, पुढे चला. या पद्धतीत बॅटरी सोडावीच लागत नाही आणि गाडीची झोपही मोडत नाही.

सापडतं काय? बहुतेक वेळा नंतर बसवलेलं काहीतरी. डॅशकॅम, ट्रॅकर, ओबीडी सॉकेटात (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटात) विसरलेलं डोंगल. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओच्या पिवळ्या आणि लाल वायरी एकत्र पिळून टाकलेल्या असतील तर स्टिरिओ कधीच बंद होत नाही, कारण पिवळी कायम चालू आणि लाल चावीवरची असायला हवी. गाडीच्या मूळ भागांत ग्लव्ह बॉक्स आणि डिकीचे दिवे, चिकटलेला रिले आणि दाराचा खराब लॉक स्विच यांचा नंबर वरचा. कुठलाच फ्यूज आकडा दाखवत नसेल तर संशय अल्टरनेटरवर. त्याचा एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला की बॅटरी उलटी त्यातून गळते. बॅटरी सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने गुंडाळा, बॅटरी पुन्हा जोडून मोजा. गळती थांबली तर उत्तर मिळालं.

क्लॅम्प मीटर वायरीभोवती अडकवला की काहीच न सोडता करंट मोजतो, म्हणून मोह होतो. पण बाजारात मिळणारे बरेचसे क्लॅम्प फक्त एसी मोजतात, आणि डीसी मोजणाऱ्यांतलेही अनेक ०.१ अँपिअरपेक्षा बारीक वाचत नाहीत. या कामाला किमान १० मिलिअँपिअर, शक्यतो १ मिलिअँपिअर वाचणारा लागतो. मापण्याआधी केबलजवळ धरूनच शून्य करायचा, कारण क्लॅम्प नुसता फिरवला तरी आकडा हलतो. गॅरेजवाल्यासाठी उत्तम, घरच्या माणसाने मल्टिमीटरवर भागवावं.

त्याऐवजी ब्लूटूथ बॅटरी मॉनिटर घेतला तर पैसे सत्कारणी लागतील. काडेपेटीएवढा डबा टर्मिनलला कायम जोडलेला राहतो आणि दर काही मिनिटांनी व्होल्टेज नोंदवतो. स्वतः एक-दोन मिलिअँपिअर खातो, ते चालतं. याची खरी किंमत अधूनमधून होणाऱ्या दोषांत कळते. आलेख रात्रभर सारखाच उतरत असेल तर गळती कायमची आहे. अडीच वाजेपर्यंत सपाट आणि मग एकदम घसरण असेल तर कुठलं तरी युनिट मध्येच जागं होतं. मीटर धरून रात्रभर बसलात तरच हे दिसलं असतं.

चार्जर. गळती सापडली तरी उतरलेली बॅटरी भरावी लागतेच, आणि ते काम अल्टरनेटरवर सोडू नये. इंजिन अर्धा तास जागेवर चालू ठेवून बॅटरी भरत नाही. पुढच्या वेळी सेल्फ लागेल इतपतच चार्ज येतो, आणि शेवटचा वीस टक्के भाग तर फार हळू भरतो. क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याचा चार्जर निवडा, म्हणजे ४५ अँपिअर-तासांना ४ ते ५ अँपिअर. रिकामी बॅटरी भरायला त्याला दहा-बारा तास किंवा जास्त लागतात. साध्या आणि एजीएम बॅटरीसाठी वेगळे मोड हवेत आणि भरल्यावर तो आपोआप १३.५ च्या आसपास उतरायला हवा.

स्मार्ट चार्जरांची एक खोड आहे. बॅटरी काही व्होल्टांच्याही खाली गेली असेल तर त्यांतले बरेच तिला ओळखतच नाहीत. चांगली बॅटरी जंपर केबलने समांतर जोडून दहा मिनिटं ठेवली की चार्जर सुरू होतो. ‘दुरुस्ती’ किंवा ‘पल्स’ बटणावर फार भिस्त ठेवू नका. नुकतीच उतरलेली बॅटरी थोडी सुधारते, महिनोन्‌महिने रिकामी पडलेली नाही. त्या मोडमध्ये व्होल्टेज १५ च्या वर जात असेल तर बॅटरी गाडीपासून सोडूनच तो वापरावा. चार्जरचा काळा चिमटा निगेटिव्ह पोस्टवर न लावता इंजिनाच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूला लावा. बॅटरीजवळ ठिणगी पडत नाही आणि पोस्टवर सेन्सर असेल तर त्यालाही चार्जचा हिशेब लागतो. झाकणं उघडणाऱ्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर घाला. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, आणि तेही त्या जेमतेम बुडतील इतकंच.

रात्रभर चार्ज करूनही बॅटरी १०.५ वर अडकली तर एक सेल मेला आहे. सहा सेल, प्रत्येकी २.१ व्होल्ट, त्यातला एक वजा. चार्जिंगला एकच बाजू चटका बसण्याइतकी तापत असेल तर लगेच बंद करा. अशी बॅटरी बदलायचीच.

जंप स्टार्टरवर छापलेला ‘पीक अँपिअर’चा आकडा मनावर घेऊ नका, तो क्षणभराचा असतो. किती लिटरच्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनासाठी आहे ते वाचा आणि एक पायरी वरचा घ्या. चिमट्यांना उलट्या जोडणीपासून संरक्षण हवंच. मात्र बॅटरी पूर्ण मेलेली असताना दाबायचं ‘बूस्ट’ बटण बऱ्याच मॉडेलांत हेच संरक्षण बंद करतं, तेव्हा लाल-काळं दोनदा तपासा. सेल्फ चार-पाच सेकंदच मारा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. लिथियमचा असेल तर दर तीन महिन्यांनी चार्ज करा आणि उन्हात तापणाऱ्या केबिनमध्ये ठेवू नका. उष्णतेला जास्त टिकतो तो कपॅसिटरचा. तो बॅटरीत उरलेला चार्जच काही मिनिटं शोषून एकदम देतो. बॅटरीत काहीच उरलं नसेल तर मात्र त्याला आधी बाहेरून भरावं लागतं.

निगेटिव्ह पोस्टवर बसणारा पितळी कट-ऑफ स्विच हा आठवड्यातून एकदाच बाहेर निघणाऱ्या गाडीसाठी स्वस्त आणि खात्रीचा उपाय. घड्याळ आणि खिडक्यांचं सेटिंग जातं, अलार्म बंद राहतो, हे धरून चाला. रिमोटवाला घेऊ नका, तो स्वतःच करंट खातो. बॅटरी डिकीत आणि डिकी विजेवर उघडणारी असेल तर स्विच लावण्याआधी चावीने आत शिरायची वाट आहे का ते बघा.

सोलर पॅनेलबद्दल थोडक्यात: ५ वॅटचं पॅनेल थेट उन्हात फार तर ०.३ ते ०.४ अँपिअर देतं, काचेआड त्याहून बरंच कमी. सामान्य ५० मिलिअँपिअरची भरपाई ते करू शकतं, दोषाची नाही. घेण्याआधी चावी काढून १२ व्होल्टच्या सॉकेटात मीटर घाला. पुष्कळ गाड्यांत तिथे शून्य येतं, म्हणजे सॉकेटात खोचलेलं पॅनेल बॅटरीपर्यंत पोचतच नाही. तसं असेल तर फ्यूज असलेल्या वायरने ते थेट टर्मिनलला जोडावं लागेल, आणि रात्री उलटा करंट जाऊ नये म्हणून त्यात ब्लॉकिंग डायोड असायला हवा.