रूसोचे दोन निबंध: आधी कोणता वाचावा?

कलांनी माणूस सुधारतो की बिघडतो, या वादात अठराव्या शतकातला तत्त्वज्ञ रूसो काय म्हणतो ते वाचायचं ठरवलं की समोर दोन निबंध येतात. एक १७५० चा, विज्ञान आणि कलांवरचा. दुसरा १७५५ चा, माणसामाणसांतल्या विषमतेचा उगम शोधणारा. नाव बघून कोणीही पहिलाच उचलेल. माझं मत उलटं आहे.

पहिल्याची जन्मकथा मात्र झकास. १७४९ साली त्याचा लेखक मित्र दिदेरो पॅरिसजवळच्या व्हँसेनला कैदेत होता आणि रूसो पॅरिसहून पायी त्याला भेटायला जायचा. वाटेत नियतकालिक चाळताना त्याला फ्रान्समधल्या दीजाँ शहरातल्या अकादमीने (विद्वानांच्या संस्थेने) स्पर्धेसाठी घातलेला प्रश्न दिसला: विज्ञान आणि कलांच्या पुनरुज्जीवनाने नीती शुद्ध व्हायला मदत झाली का? डोकं गरगरलं, झाडाखाली बसला आणि उठला तेव्हा बंडी आसवांनी भिजली होती, असं त्यानेच पुढे लिहून ठेवलंय. त्याने ठणकावून ‘नाही’ असं उत्तर दिलं आणि बक्षीस पटकावलं.

हा निबंध एका बैठकीत संपतो. कला म्हणजे लोखंडी साखळ्यांवर चढवलेल्या फुलमाळा, ही त्यातली प्रतिमा डोक्यातून जात नाही. पण युक्तिवाद लंगडा आहे. प्राचीन ग्रीसमधलं लढवय्यं स्पार्टा चांगलं, कलाप्रेमी अथेन्स वाईट. जिथे विद्या वाढली तिथे राज्य बुडालं. विद्येमुळेच बुडालं का, हे तो सिद्ध करत नाही, नुसतं पुन्हापुन्हा सांगतो. आत्मचरित्रात त्याने स्वतःच कबूल केलंय की यात जोम आहे, पण तर्क आणि मांडणी नाही. आणि गंमत म्हणजे, याच रूसोने रचलेला ऑपेरा १७५२ साली फाँतेनब्लोच्या राजवाड्यात फ्रान्सचा राजा पंधराव्या लुईसमोर झाला.

दुसराही त्याच अकादमीच्या प्रश्नावरून लिहिलेला, पण याला बक्षीस नाही. त्याच काळातला लेखक व्हॉल्तेअर याने तर तो वाचून टोमणा मारला की आता चार पायांवर चालावंसं वाटतं, पण साठ वर्षांत सवय गेली. टोमणा फर्मास आहे, पण रूसो मागे जंगलात चला असं म्हणतच नव्हता.

कलेबद्दलची खरी गोष्ट इथे सापडते, तीही ओझरती. माणसं झोपड्या बांधून शेजारी राहू लागली. झोपडीपुढे किंवा मोठ्या झाडाभोवती जमून गाऊ-नाचू लागली. मग प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघू लागला, आपल्याकडेही कोणी बघावंसं त्याला वाटू लागलं. जो उत्तम गायचा, नाचायचा, जो देखणा किंवा बोलका, त्याचा मान वाढला. विषमतेची पहिली पायरी ती. पहिल्या निबंधात कलेवर नुसता आरोप होता. इथे तो आरोप घडतो कसा ते दिसतं. शिवाय रूसो याच काळाला माणसाचा सर्वांत सुखाचा काळ म्हणतो! बिघाड पक्का होतो तो पुढे, लोखंड आणि गहू आल्यावर.

वादविवाद स्पर्धेत बोलायचं असेल तर पहिला घ्या, टाळ्या मिळतील. विषय समजून घ्यायचा असेल तर दुसरा. त्यातलं रूसोच्या जन्मगावाला, जिनिव्हाला वाहिलेलं लांबलचक अर्पण सोडा, शेवटच्या टिपाही तूर्त सोडा (त्यात ओरांगउटानपर्यंत सगळं आहे). पहिला भाग जड वाटला तर थेट दुसऱ्या भागापासून सुरू करा, जिथे एक जण जमिनीला कुंपण घालून ‘हे माझं’ म्हणतो. तिथून त्या नाचाच्या झाडापर्यंत पोचायला फार पानं उलटावी लागत नाहीत.