एनआयओएस या सरकारी मुक्त शाळेतून घरी बसून दहावी केली, वयाच्या 36 व्या वर्षी. सगळा अनुभव लिहितेय

नववी झाली आणि माझी शाळा सुटली. घरची परिस्थिती, मग लग्न, मुलं, आणि गेली बारा-तेरा वर्षं मी कराडला घरीच ब्लाउज, ड्रेस शिवते. आयटीआयचा फॅशन डिझाइनचा कोर्स करायचा मनात होतं पण तिथे दहावी पास लागते, म्हणून शोधाशोध सुरू केली. माझ्यासारख्या भरपूर बायका आहेत ज्यांना वाटतं की आता काय होणार, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय, जरा मोठं झालंय पण वाचा.

पहिलं म्हणजे सगळे सांगतात 17 नंबरचा फॉर्म भर. तो आपल्या राज्य बोर्डाचा खाजगी विद्यार्थ्यांसाठीचा फॉर्म, त्यात काही वाईट नाही, माझ्या भाच्याने तसंच केलं आणि तो पास झाला. पण त्यात विषय शाळेतल्या मुलांचेच, तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र, सगळं एकदम फेब्रुवारी-मार्चला द्यायचं. माझी सातवीपासूनच गणिताशी फारकत झालेली. एनआयओएसला म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेला पाच विषय लागतात आणि ते आपण निवडायचे, गणित घ्यायलाच पाहिजे असं नाही. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं मुदत, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, अशा मिळून नऊ संधी. जो विषय पास झाला तो झाला, तो परत द्यायचा नाही. घर, मशीन, गिऱ्हाईक सांभाळून शिकणाऱ्या बाईला ही एकच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, माझं मत विचाराल तर बाकी सगळं नंतर. लग्नसराईत मला पुस्तक उघडायला होत नाही, मग मी एप्रिलला तीनच विषय दिले आणि ऑक्टोबरला उरलेले दोन.

वयाची वरची अट नाही, कमीत कमी 14 पूर्ण पाहिजे. आठवी पासचा कागद हाताशी नसेल तर स्वतःचं लिहून दिलेलं प्रमाणपत्र पण चालतं. बायकांना फी थोडी कमी आहे, आकडा साइटवरच बघा कारण तो बदलत असतो.

आता माझी चूक ऐका आणि ती तुम्ही करू नका. फॉर्म मी आमच्या इथल्या एका सायबर कॅफेत भरला. त्याने फटाफट भरला, पैसे घेतले, पावती दिली, मी खूश. पण फॉर्मवर मोबाईल नंबर आणि ईमेल त्याने स्वतःचा टाकला होता! ओटीपी पटकन मिळावा म्हणून ते लोक असं करतात म्हणे. त्यामुळे प्रत्येक मेसेज त्याच्या फोनवर, आणि तो काय मला बोलावून सांगणार आहे का. मला टीएमएची, म्हणजे घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटची, शेवटची तारीख कळली ती फक्त चार दिवस आधी, ती पण माझ्याबरोबर फॉर्म भरलेल्या एका मैत्रिणीमुळे. नंबर बदलायला नंतर किती हेलपाटे झाले ते मलाच माहीत. म्हणून फॉर्म भरताना शेजारी बसा, नंबर आपलाच टाकायला लावा आणि एनरोलमेंट नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

दुसरं नावाचं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हा आपल्या सगळ्याच बायकांचा प्रश्न. मी आधी नाव बदलाचं गॅझेट करून घेतलं आणि मगच फॉर्मला हात लावला, त्याने पुढे काही अडलं नाही.

आता टीएमएचं. ती प्रत्येक विषयाला एक असते. त्याचे 20 टक्के मार्क निकालात धरतात आणि पास व्हायला 33 टक्के लागतात, म्हणजे टीएमए मनापासून लिहिली तर परीक्षेचं ओझं खरंच हलकं होतं. काही लोक तयार उत्तरं विकत घेतात, प्लीज घेऊ नका, तुमचाच तोटा आहे. मी गृहविज्ञान विषय घेतला होता, त्यात कापड आणि धाग्यांचा धडा आला आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. माझ्याकडे चिंध्यांची पिशवी भरलेली असतेच, त्यातून सुती, पॉलिस्टर, सिल्क असे धागे काढले आणि रात्री गॅसजवळ बसून एकेक जाळून बघितला. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच आणि मऊ राख होते, सिल्कला जळक्या केसाचा वास, आणि पॉलिस्टर वितळून काळी टणक गोळी होते. हे मला अर्धं माहीत होतंच, दुकानदार सिल्क म्हणून काहीही गळ्यात मारतो तेव्हा आम्ही असंच बघतो, पण ते का होतं हे पहिल्यांदा समजलं. प्रत्येक कापडाचा छोटा तुकडा उत्तराच्या पानावर चिकटवला, खाली निरीक्षण लिहिलं. पानांचे फोटो मुलाने मोबाईलवर काढून पीडीएफ करून दिली आणि अपलोड केली. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत सावली पडते, दिवसा खिडकीपाशी काढा, अक्षर स्वच्छ येतं. गृहविज्ञानला मला 71 मिळाले.

अभ्यासाचं बोलायचं तर पुस्तकं पोस्टाने आली आणि साइटवर त्याच पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत. दहावीला मराठी माध्यम मिळतं, फक्त डेटा एंट्रीचं पुस्तक मी हिंदीतून वाचलं, ते काही जड नाही, वर्ड आणि एक्सेल हातानेच शिकायचं असतं. सरकारचं ऑनलाइन धड्यांचं स्वयम पोर्टल आहे, टीव्हीवर स्वयंप्रभाची चॅनेल आहेत, तिथे बहुतेक सगळं हिंदी-इंग्रजीतून, त्यामुळे सामाजिक शास्त्रासाठी मी ई-बालभारतीवरची आपली नववी-दहावीची पुस्तकं पण उतरवून घेतली. धडे तेच नसतात पण भाषा ओळखीची असल्यामुळे डोक्यात बसतं. ब्लाउजला हुक लावताना कानात हेडफोन घालून धडा ऐकायचा, असं माझं वर्षभर चाललं.

हे सगळं फुकट आहे हे मला आधी कुणी सांगितलं नाही याचं फार वाईट वाटतं. कारण सुरुवातीला मी एका ऍपला 6 हजार भरले होते, फोनवरची मुलगी ताई ताई करून रोज फोन करायची, पैसे भरल्यावर एकदाही उचलला नाही. व्हिडिओत एक जण एनआयओएसचंच पुस्तक समोर धरून वाचत होता. सहा हजार म्हणजे माझे किती ब्लाउज झाले हिशोब करा. आणि जो कोणी गॅरंटी पास, परीक्षेला यायची गरज नाही असं म्हणतो, त्याच्या दारात उभं पण राहू नका. मुक्त विद्यालयाच्या नावाने खोटी बोर्डं पण चालतात, असं सर्टिफिकेट आयटीआयला चालत नाही आणि नोकरीला पण नाही.

परीक्षा मात्र ऑनलाइन नसते बरं का, खऱ्या केंद्रावर जाऊन पेनाने लिहायची. हॉल तिकीट साइटवरून काढायचं. माझं केंद्र साताऱ्याला आलं, पहाटेची एसटी धरून गेले. माझ्या पुढच्या बाकावर साडी नेसलेल्या एक काकू होत्या, पन्नाशीच्या तरी असतील, पेपर सुरू व्हायच्या आधी त्यांनी मागे वळून मला विचारलं, "पेन चालतंय ना गं तुझं? माझ्याकडे दोन आहेत." तीन तास मान खाली घालून लिहीत होत्या. मला त्यांचं नाव पण विचारायचं राहिलं.

विषय निवडताना एक लक्षात घ्या. मला कपड्यातच पुढे जायचं आहे म्हणून मी गणित-विज्ञान सोडलं. तुमच्या मुलाला पॉलिटेक्निकला किंवा आयटीआयच्या टेक्निकल ट्रेडला जायचं असेल तर ते दोन्ही विषय घ्यायलाच लावा, अवघड म्हणून सोडू नका, नाहीतर पास होऊनही ऍडमिशनला अडू शकतं. आधी पुढे कुठे जायचं ते ठरवा, तिथली अट वाचा आणि मग विषयांवर टिक करा.

मी आता बारावीचा फॉर्म भरतेय, आणि या वेळी माझा मीच, माझ्या फोनवरून. कुणाला टीएमएच्या पीडीएफमध्ये अडचण येत असेल तर विचारा, मुलाला विचारून सांगते.